झिरोचं तिकीट

(कलबुर्गीतलं एक हॉस्पिटल, मुलांचा वॉर्ड, दुपारचे चार. सात नंबरच्या खाटेवर तेरा वर्षांची संघमित्रा. दोन्ही पाय मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टरमध्ये, मधोमध आडवी दांडी. तिला बोलता येत नाही. एका बाजूला आजोबा गुंडेराव, दुसऱ्या बाजूला आई मंगल, आणि पायथ्याशी हातात तक्ता घेऊन सिस्टर नेत्रावती.)

नेत्रावती: अज्जा, मी पोरीला विचारलंय. तुम्हाला नाही.

गुंडेराव: मंग मी तिच्या वतीनंच सांगायलोय की. झिरो. लिवा, झिरो.

नेत्रावती: किती दुखतंय ते तिनं या चेहऱ्यांवर बोट ठेवून दाखवायचं असतं. हॉस्पिटलचा नियम आहे.

गुंडेराव: आना बगू. सा चेहरे. हा पयला हासायलाय, हा जरा कमी हासायलाय… आन् ह्यो शेवटचा, तोंड वाकडं, डोळ्याला धारा. ह्यो तर हुबेहूब आमचा डेपो मॅनेजर. घाटात गाडी फेल झाली की असाच बसायचा.

नेत्रावती: आणि हा मधला, तोंड मिटून बसलेला, हा कधीच पेशंटचा नातेवाईक नसतो.

मंगल: बोट ठेवायचं मनं. सिस्टर, माझी पोरगी तेरा वर्षांची झाली. जलमताना मेंदूला हवा कमी पडली तवापासून तिचं बोट तिच्या नाकावर बी नेमानं जात न्हाई. तुमच्या तक्त्यावर कवा जायचं?

गुंडेराव: कशाला जायला पायजे? हे बगा, हे बगा, मूठ वर करून जयभीम घातला तुमाला! हासायली बी. दुखनाऱ्या पोरी अशा हासतेत व्हय? सकाळी डॉक्टरसायबाला घातला, दुपारी झाडूवाल्या मावशीला घातला. वाघीन हाय आमची.

नेत्रावती: हसते मात्र गोड. ती आठ नंबरची मुलगी, करंगळी मोडलीय फक्त, काल सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला होता.

गुंडेराव: आईकलंस मंगल? करंगळी!

मंगल: आईकलं. लिवा सिस्टर, झिरो लिवा. माझं काय, मी तर नुसती आई हाय. आजोबाचं मत घ्या, झाडूवाल्या मावशीचं घ्या, कमी पडलं तर गेटवरच्या वॉचमनला वर बोलवा.

गुंडेराव: हिचं सकाळधरनं असंच चालू हाय बगा. दुखायलंय, दुखायलंय. अगं, रडायलीय का ती?

मंगल: न्हाई.

गुंडेराव: मंग?

मंगल: मंग काय! मामा, दोन्ही जांघंतल्या शिरा कापून ढिल्या केल्या. गुडघ्यामागच्या केल्या. पाय पिलास्टरात घातले, मधी दांडी ठोकली. वाघिनीला असं केलं आसतं तर वाघीन बी बोंबलली आसती. हिच्या घरी तेवढा सन चालू हाय व्हय?

गुंडेराव: मी तर रत्नपालला फोनवर सांगितलं, पोरगी ठनठनीत हाय मनून.

मंगल: व्हय, आईकलं मी. बाप तिकडं हैदराबादला निवांत जेवला. म्या सांगितलं आसतं तर उपाशी झोपला आसता. तुमी जेवन वाचवलं त्यांचं.

नेत्रावती: भांडण नंतर, अक्का. ऐका. ऑपरेशननंतर दोन दिवस पाठीत बारीक नळी होती. त्यातून औषध चालू होतं, म्हणून आराम होता. आज सकाळी नळी काढली. आता सरांनी लिहिलंय, लागल्यास द्यावे.

मंगल: लागल्यास म्हंजे?

नेत्रावती: म्हणजे पेशंटनं मागितलं की द्यायचं.

मंगल: वा. जिला बोलता येत न्हाई, तिनं मागायचं. लई इचार करून लिवलंय. आंधळ्याला मनावं, चिठ्ठी लिवून ठिवलीय, वाचून घे.

नेत्रावती: मी लिहीत नाही ते. मी देते, आणि मधल्या वेळात शिव्या खाते. तीनदा येऊन बघितलं मी. तिन्ही वेळा हसली, हात वर केला. हसणाऱ्या मुलीला दुखण्याचं औषध दिलं तर उद्या सर मलाच विचारतील, दुखत कुणाला होतं, तुला का?

गुंडेराव: बरोबर हाय सिस्टरबाईचं. गाव कुठलं म्हनलात तुमचं?

नेत्रावती: दुबलगुंडी.

गुंडेराव: हां! तिकडची मानसं नियमाची. सुट्टं पैसे हातात घेऊन चढायची. आमच्या मुडबीचं मानूस उतरताना खिसे चाचपायचं.

मंगल: आता कळलं का सिस्टर, हिला कुनी इचारलं तर उत्तर कोन देतंय, आन् कुठं जातंय ते?

नेत्रावती: कळलं. पण मी काय करू? मी येते तेव्हा तिचं काही दुखत नाही.

मंगल: तुमी येता तवा ती पेशंटच नसती. तवा ती घरची यजमान आसती, पाव्हणं आल्यावानी हासती. तुमी गेल्यावर काय करती ते बगा.

नेत्रावती: गेल्यावर कशी बघणार?

मंगल: त्यो पडदा कशाला टांगलाय? दोघं बी जावा त्याच्या आड. मी हितं खाटंच्या मागं खाली बसते, तिला दिसनार न्हाई. मित्रा, आमी च्या पिऊन येतो बरं का गं माय!

गुंडेराव: घ्या. आमच्या खानदानात बायकांना पडदा न्हवता. आता सुनंनं सासऱ्याला घातला.

नेत्रावती: हळू बोला अज्जा. आणि पोट आत घ्या, पडदा फुगतोय.

गुंडेराव: बगा. शांत पडलीय. म्या काय सांगितलं?

नेत्रावती: तोंडात काय आहे तिच्या?

गुंडेराव: झग्याची कॉलर. सवय हाय ती… न्हाई. तशी सवय न्हाई तिला.

नेत्रावती: भिजून चिंब झालीय कॉलर. कपाळ पण बघा. वर पंखा गरगर फिरतोय आणि घाम.

गुंडेराव: उकडतंय की. कलबुर्गी हाय ही, म्हाबळेश्वर न्हाई.

नेत्रावती: आता मांडीकडे बघा. प्लास्टर हललं.

गुंडेराव: पाय हालवायली! चांगलंच हाय की मंग.

नेत्रावती: ती नाही हलवत. पाय आपोआप आखडतोय. अशा मुलांचे स्नायू मुळातच ओढलेले. त्यात आत ताजे टाके. झटका आला की तिथंच ओढ बसते. मोजा तुम्ही. हा एक.

गुंडेराव: दोन.

नेत्रावती: हं.

गुंडेराव: ह्यो… तीन. सिस्टरबाई, आवाज कामून काढंना ती?

नेत्रावती: तुम्ही सांगा.

गुंडेराव: चार.

नेत्रावती: किती वेळ झाला? घड्याळ तुमच्या हातात आहे.

गुंडेराव: पाच मिनिटं बी न्हाई झाले.

नेत्रावती: उजवा हात बघा.

गुंडेराव: मूठ वळलीय.

नेत्रावती: अंगठा?

गुंडेराव: अंगठा… आत हाय. मुठीत दाबून धरलाय. बोटं पार पांढरी पडलीत.

नेत्रावती: साकु. बास झालं. पडदा काढते मी. काय ग मित्रा! काय चाललंय?

गुंडेराव: हासली. अरे, अरे… हासली की ही! कॉलर सोडली आन् हासली!

मंगल: जयभीम बी घातला. बगा, नीट बगा. अंगठा आतच हाय. हिचा खरा जयभीम आसला की अंगठा भाईर आसतो, मामा. दोन वर्सं रोज तेल लावून तुमीच त्यो भाईर काढला. आन् तुमालाच दिसंना?

नेत्रावती: बोटाला ही चिमटी लावते. नाडी सांगेल… एकशे अठ्ठेचाळीस.

गुंडेराव: किती पायजे?

नेत्रावती: नव्वद, फार तर शंभर. हसत पडलेल्या पोरीची एवढी पळत नाही.

गुंडेराव: मशीन बिघडली आसंल. सरकारी असो का खाजगी, मशीन ती मशीन.

नेत्रावती: द्या तुमचं बोट. हं, ब्याऐंशी. मशीन ठीक आहे अज्जा. तुमचं काळीज पण ठीक आहे, म्हणजे दोन शब्द ऐकवायला हरकत नाही. तुम्ही कंडक्टर होता ना?

गुंडेराव: चौतीस वर्सं.

नेत्रावती: चेकिंगवाले गाडीत चढले की काय व्हायचं?

गुंडेराव: काय व्हायचं! मागच्या शिटावर पिऊन आडवा झालेला बी ताठ बसायचा. तिकीट हातात, तोंडावर हासू. असा शरीफ मानूस सगळ्या जिल्ह्यात न्हाई.

नेत्रावती: आयतु. झालं तर. मी आणि सर, आम्ही दोघं चेकिंगवाले. आम्ही चढलो की सात नंबर ताठ बसते.

मंगल: आन् नोकरीच्या शेवटच्या वर्षी बायांना बस फुकट झाली, तवा तुमी दिवसभर झिरोचं तिकीट फाडायचा, मामा. घरी येऊन सांगायचा, गाडी खचाखच, पन मशीनमधी नुसते झिरो. मंग झिरोचं तिकीट फाडलं मनून शीट रिकामं ऱ्हायचं व्हय? मानूस तर बसलेलंच आसायचं की.

गुंडेराव: बसलेलंच आसायचं.

मंगल: सकाळधरनं तुमी हिच्या दुखन्याचं झिरोचं तिकीट फाडायलात. ते दुखनं बसलंय तिथंच. उतरलं न्हाई.

नेत्रावती: पण मला एक कळत नाही. माणूस दिसलं की हसायचं, मूठ वर करायची, हे हिला शिकवलं कुणी?

मंगल: इचारा की. मास्तर समोरच बसलेत.

गुंडेराव: म्या शिकवलं.

नेत्रावती: का?

गुंडेराव: सांगतो. सा वर्सांची होती. हुमनाबादच्या स्टँडवर बाकड्यावर उशी लावून हिला बसवलं आन् मी कंट्रोलरकडं एंट्री मारून घ्यायला गेलो. दोन मिनिटं. माघारी आलो तर हिच्या हातावर धाची नोट. एक बाई ठिवून चाललेली. गळ्यात सोनं, चांगल्या घरची, मनानं बी चांगलीच आसंल. ‘बिचारी’ म्हनली आन् गेली. मी गाडीच्या युनिफॉर्मात हुबा, बिल्ला लावून, आन् माझी नात भिकारी झाली.

मंगल: हे मला कवा सांगितलं न्हाई तुमी.

गुंडेराव: काय सांगायचं? आन् ही खुशीत होती बगा. कुनीतरी हाताला हात लावला मनून खुदुखुदु हासायली. ती नोट मी त्या बाईच्या मागं पळत जाऊन दिली. तिला वाटलं, पैसे कमी पडले.

नेत्रावती: देवा.

गुंडेराव: त्या दिवशी ठरवलं. हात उघडा ठिवायचाच न्हाई. उघड्या हातावर लोक काय बी ठेवतेत, बाई. मुठीवर कोन ठेवतंय? मानूस आलं की मूठ वळायची, वर करायची, हासायचं. मंग लोक बिचारी म्हनत न्हाईत. उलटा जयभीम घालतेत. आट म्हैने लागले हिला शिकायला. रोज सांजच्याला मी दाराआड जायाचो, परत यायचो, पाव्हना होऊन. शंभरदा. ही शिकली. आन् मी गावभर मिरवलो.

मंगल: तवा बरोबरच केलं तुमी. खरं सांगते. पर ते लोकांसाठी होतं, मामा. लोक कोन आन् डॉक्टर कोन, हे हिला कुनी शिकवायचं?

गुंडेराव: ते ऱ्हायलं.

नेत्रावती: थांबा, सरांना लावते. हॅलो, बसवप्रभु सर? नेत्रावती. सात नंबर. नाही सर, रडत नाही. हसते. तेच सांगते, हसते म्हणूनच फोन केलाय… नाडी एकशे अठ्ठेचाळीस. पायात झटके, पाच मिनिटांत चार, मी स्वतः मोजले. पायाची बोटं गरम आहेत, रंग चांगला, सूज नाही, प्लास्टर कुठं रुतत नाही… हो सर. पण लागल्यास नको. घड्याळावर लिहा. तिला मागता येत नाही, घड्याळाला येतं. आणि झटक्यांसाठी वेगळं, नाहीतर नुसत्या दुखण्याच्या औषधानं भागणार नाही… हो, झोप फार आली तर श्वासावर लक्ष ठेवते. हो सर. ठेवते.

मंगल: काय म्हनले?

नेत्रावती: पहिला डोस आत्ताच. मग दर सहा तासांनी, मागो न मागो. झटक्यांचं औषध वेगळं. आणि अर्ध्या तासात स्वतः येतात बघायला.

मंगल: घड्याळावर. हे झ्याक झालं. घड्याळाला अजून कुनी जयभीम शिकवला न्हाई.

गुंडेराव: टोच, टोच अजून. मोकळाच बसलोय मी.

नेत्रावती: एक कागद लावते खाटेवर. माझी ड्युटी संपली की दुसरी सिस्टर येईल, तिच्यासमोर पण ही यजमान होणार. सांगा अक्का, दुखलं की काय काय करते?

मंगल: गप होती. एरवी घुं घुं करून बडबडती, ते बंद. कॉलर चावती. कपाळाला घाम. अंगठा आत. आवडीचं धपाटं बी दिलं तरी तोंड फिरवती.

नेत्रावती: तुम्ही अंगणवाडीत आहात ना? पटपट सांगता.

मंगल: चाळीस पोरांची वजनं लिवते म्हैन्याला. तिथं बी एक तक्ता हाय. फरक येवढाच, तिथं पोरांची वजनं आजोबाला इचारून लिवत न्हाईत.

नेत्रावती: अजून काही?

गुंडेराव: हासती.

नेत्रावती: अज्जा, राहू द्या.

गुंडेराव: लिवा, बाई. मानूस आलं की दुखत आसलं तरी हासती. हासली तर अंगठा बगा मनावं. मोठ्या अक्षरात. आन् खाली लिवा, आजोबानं शिकवलंय.

मंगल: हे कशाला, मामा? वॉर्डात सगळे वाचतेत.

गुंडेराव: वाचू दी. गाडीला चुकीची पाटी लावली तर दोष गाडीचा नसतो. पाटी कंडक्टर लावतो.

नेत्रावती: लिहिलं. औषध घेऊन येते. पाच मिनिटं.

गुंडेराव: मंगल, जरा सरक. मला तिच्याजवळ बसू दी.

मंगल: या. खाट हालवू नका, तेवढ्यानं बी झटका येतो.

गुंडेराव: मित्रा. हिकडं बग, आजोबाकडं. आता सिस्टर यीन, मंग डॉक्टर यीन. जयभीम घालू नगं. ऱ्हाऊ दी आज. हासू बी नगं… बग, परत हासायली. मी काय पाव्हना हाय व्हय गं? मूठ सोड. सोड, माय. अंगठा काढ भाईर. हां. त्याच्या जागी हे माझं बोट घे, धर घट्ट. मोड पायजे तर. दुखतंय न्हवं? मला कळलं आता. उशीर झाला, पर कळलं. रड. कुनी काय ठिवत न्हाई तुझ्या हातावर. त्या हातात माझं बोट हाय.

मंगल: मामा, तुमचा पाचवा चेहरा झालाय.

गुंडेराव: तू तक्ता बगू नगं. पोरीकडं बग.

मंगल: ओठ बगा तिचा… खालचा ओठ थरथरायलाय. मित्रा? मामा, रडायलीय ही. आवाज काढून रडायलीय!

गुंडेराव: रडू दी. आजून मोठ्यानं, माय. आजून.

नेत्रावती: आले, आले! अबाबाबा, केवढा आवाज! एवढा कुठं ठेवला होता हिनं?

मंगल: सात वर्सं साठवलेला हाय.

नेत्रावती: सलाईनमधून सोडते. हा दुखण्याचा डोस, आणि हा झटक्यांचा. वीस-पंचवीस मिनिटं द्या, उतरेल. डोसच्या आधीचा नंबर लिहायचाय. कितवा चेहरा?

मंगल: मामाला इचारा. त्यांनीच सांगावं.

गुंडेराव: डेपो मॅनेजर.

नेत्रावती: शेवटचा?

गुंडेराव: शेवटचा. त्याच्या फुडं चेहरा आसंल तर त्यो लिवा.

नेत्रावती: लिहिलं. अज्जा, बोट सोडवून घ्या तुमचं, निळं पडलंय.

गुंडेराव: आसू द्या. तिच्याकडंच आसू द्या.

नेत्रावती: आणि ती आठ नंबरची आई विचारतेय, आवाज जरा कमी होईल का म्हणून.

गुंडेराव: त्यांना सांगा, आज फुल तिकीट काढलंय तिनं.